अर्धा इंच उतार

होळीची राख अजून चौकात असते आणि आमच्या पुलगावात कूलर खाली उतरू लागतात. कुणाच्या गच्चीवरून, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या न्हाणीमागच्या अडगळीतून. आठ महिने जिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं, त्या पत्र्याच्या पेटीला एकदम जावयाचा मान मिळतो. तिच्या टाकीतला गंज खरवडायचा, आतून डांबर फासायचं, पंप बादलीत टाकून चालतो की नाही ते बघायचं, जुन्या ताट्या फेकून नवा वाळा भरायचा. गल्लीतून चालताना एका घरातून डांबराचा वास येतो, दुसऱ्या घरातून ओल्या वाळ्याचा. हे दोन वास एकत्र आले की समजायचं, आता जूनपर्यंत दुपार आपली नाही.

पूर्वी मला हा वास फार आवडायचा. आता दोन वर्षं झाली, नाचणगावच्या शाळेत जाताना मी कूलरवाल्यांचा रस्ता टाळतो आणि मागून वळसा घालून जातो. बायको विचारते, एवढा फेरा कशाला? मी म्हणतो, तिकडून सावली आहे. तिकडे एक झाड धड नाही, हे तिलाही माहीत आहे. ती डबा माझ्या हातात देते आणि मी निघतो.

माझे बाबा कूलर बनवायचे. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं टिनाचं दुकान होतं. इतर दिवसांत ते धान्याच्या कोठ्या आणि पेट्या करायचे, पण त्यांचा खरा जीव होळीपासून मृगापर्यंतच्या दिवसांत. त्या दिवसांत ते घरी फक्त पाणी प्यायला दिसायचे. पत्र्याची पेटी कुणीही वाकवेल, असं ते म्हणायचे. त्यांचा अभिमान वेगळ्याच जागी होता. त्यांच्या कूलरच्या टाकीत पाणी साचून राहत नसे. प्रत्येक टाकीला ते एका बाजूला अर्धा इंच उतार द्यायचे. हंगाम संपला, बूच काढलं की पाच मिनिटांत टाकी कोरडी. गिऱ्हाईकाच्या घरच्या बाईला वाकून फडक्याने पाणी टिपावं लागलं तर तो त्यांना स्वतःचा अपमान वाटे. "धुणाऱ्याचा विचार बनवणाऱ्यानं नाई करायचा, तं कोणं करायचा?" असं ते पत्र्यावर खुणा करता करता स्वतःशीच बोलायचे.

मला मात्र त्यांनी हत्याराला हात लावू दिला नाही. पत्रा ठोकायची लाकडी मोगरी उचलली की ओरडायचे, "ठेव ते. तू पुस्तक धर." मी पुस्तक धरलं आणि विज्ञानाचा मास्तर झालो. गेली बावीस वर्षं मी आठवीच्या मुलांना शिकवतो की भांड्याचा आकार कसाही असो, पाणी आपली पातळी राखतं. फळ्यावर तिरपा पेला काढतो, त्यात सरळ रेष मारतो. मुलं वहीत उतरवून घेतात. बाबांना हे कळलं की ते मोठ्या कौतुकाने आईला सांगायचे, "आपला पोट्टा पाण्याचं शिकवते." त्यांनी उभा जन्म पाण्यात काढला होता, पण पाण्यातलं जास्त कळतं ते मला, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. लाजेची गोष्ट ही, की तसं मीही ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी संक्रांत झाल्यावर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा हात मेलेला, पाय ओढत नेण्यापुरताही नाही, बोलणं जड. पुढच्या खोलीत भिंतीला लावून लोखंडी पलंग टाकला. पलंगासमोरच दार. फेब्रुवारी लागला तशी नेहमीची माणसं दारात येऊ लागली. "मिस्त्री हायेत का? पंखा आवाज करून राह्यला." आणि मग नजर आत जायची, पलंगावर पडायची, आवाज खाली यायचा. बाबांनी एके दिवशी आईकडून कूस बदलून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. मग ते तसेच राहिले. जेवण भरवायचं तर त्यांना वळवावं लागे, आणि घास संपला की ते डोळ्यांनीच सांगत, फिरव मला परत. त्या भिंतीवर पोपडा धरलेला चुना आणि एक खिळा याशिवाय काहीही नव्हतं.

माशांची कल्पना बायकोची. दाताच्या डॉक्टरकडे बसली असताना तिने काचेच्या पेटीतले मासे पाहिले आणि अर्धा तास दाढ दुखायची थांबली, असं तिचं म्हणणं. मी वर्ध्याहून दोन फुटांची काचेची पेटी आणली. एसटीत ती मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईने विचारलं, "देव ठेवाचे हायेत काय यात?" मी म्हटलं, "मासे." तिने माझ्याकडे जरा वाईट वाटल्यासारखं पाहिलं आणि पिशवी स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली.

घरी आल्यावर पेटी जमिनीवर ठेवली. काचेचा आवाज झाला. भिंतीकडे तोंड केलेल्या बाबांनी विचारलं, "ठेवशीन कायच्यावर?"

महिन्याभरात त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. स्वयंपाकघरात आईच्या हातातली पळी थांबलेली मला ऐकू आली. मी म्हटलं, बाजारात तयार स्टँड मिळतात. ते एकेक शब्द जमवत म्हणाले, "बजारातलं उभ्या माणसासाठी असते."

माप घ्यायचं होतं, आणि त्यांचं माप घ्यायची पद्धत मला तेव्हा कळली. ते म्हणाले, "माया बाजूले झोप." मी चाळिशी उलटलेला माणूस, चप्पल काढून बापाच्या पलंगावर आडवा झालो. लहानपणानंतर पहिल्यांदाच. उशी एकच होती. त्यांच्या केसांना मालिशच्या तेलाचा वास येत होता, आणि त्याखाली अजूनही थोडा डांबराचा. त्यांनी दाराकडे तोंड करवून घेतलं, मलाही तसंच करायला लावलं आणि आईला म्हणाले, "याच्या डोयापासून खालतं मोज." आईने टेपची पट्टी जमिनीला टेकवली. तिथून, त्या उशीवरून, मला आमचं घर दिसलं. टेबलाचे पाय. बादली. दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटऱ्या. कुणाचाही चेहरा बघायचा तर मान मोडावी लागत होती. मी दोन मिनिटं तिथे पडून होतो आणि ते दोन महिने. माप सतरा इंच भरलं.

आमच्या घरच्याच जुन्या कूलरचं लोखंडी अँगलचं स्टँड मागे पडलं होतं, ते कापायचं ठरलं. मी पलंगापुढे जमिनीवर बसून आरी चालवायचो आणि बाबा, आता भिंतीकडे पाठ करून, बघायचे. हो, भिंतीकडे पाठ करून. माझी आरी अडकायची, पातं तुटायचं, ते हसायचे. तोंड एका बाजूनेच हसायचं, पण हसायचे. "मास्तर, लोखंडावर राग नोको काढू. ते थोडंच तुया वर्गात हाय." दारात कुणी आलं तर आता तेच अडखळत सांगायचे, "पोट्टा काम शिकून राह्यला." आई ताटली घेऊन आली की आम्ही दोघं तिला एकाच आवाजात सांगायचो, थांब. घरात कीस उडाला होता, तिने एकदाही तक्रार केली नाही.

दिव्याचं झाकणही त्यांनीच आखलं. कूलरच्या उरलेल्या पत्र्याचं, आत एलईडीची पट्टी. पडलेल्या माणसाच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून पुढची कड खाली वाकवलेली हवी. ती कड मी वाकवीन म्हटलं तर मानेनेच नाही म्हणाले. मी पत्रा पलंगाच्या लोखंडी कडेवर दाबून धरला आणि त्यांनी डाव्या हातात मोगरी घेतली. ज्या हाताने त्यांनी आयुष्यात फक्त खिळे तोंडातून काढून दिले होते, त्या हाताने. ठोका पडायचा, चुकायचा, एकदा माझ्या अंगठ्यावर पडला. कड वाकली. ती सरळ नव्हती, तिच्यावर ओळीने पोचे होते. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि डोळे मिटले. "मागची कड उद्या," म्हणाले. कपाळ घामाने भिजलं होतं, चेहरा मात्र दुकान बंद करून घरी आलेल्या संध्याकाळसारखा होता.

पाय कापताना त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, डावीकडचे दोन पाय अर्धा इंच कमी काप. दुसरी, डाव्या कोपऱ्यात सळईचा एक आकडा वाकवून लाव. मी दोन्ही केलं. का, ते विचारलं नाही. मनात म्हटलं, सांगताहेत ना, सांगू दे. मला वाटत होतं मी फार समजूतदार मुलगा आहे.

रविवारी पेटी स्टँडवर चढवली, वाळू पसरली, पाणी भरलं. शेजारचे काका बघायला आले होते. पाणी वर येत गेलं आणि पेटीच्या कडेशी जमेना. डावीकडे काठाला टेकलं, उजवीकडे खालीच. फळ्यावर मी वर्षानुवर्षं काढत आलेली आकृती आमच्या पुढच्या खोलीत उभी होती. माशांच्या दुकानदाराने बजावलं होतं, पेटी एकदम सपाट हवी, तिरपी राहिली तर एका काचेवर भार येतो. काका म्हणाले, "मास्तर, तिरपं दिसून राह्यलं." आणि मी, चार दिवस आरी चालवून हाताला फोड आलेला, वर बघून बोललो:

"बाबा, तुमच्या डोक्यात अजून कूलरच हाय. हा कूलर नाई."

काका हसले. मीही हसलो असेन. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याच्या रेषेकडे. काहीतरी बोलायला त्यांचा ओठ हलला, पण त्यांना एक शब्द जुळवायला जेवढा वेळ लागे तेवढा मी थांबलो नाही. प्लायवूडच्या चकत्या शोधायला मागे गेलो होतो. दोन पायांखाली दोन-दोन चकत्या सारल्या, गवंड्याकडून आणलेली पाणसळ वर ठेवली, बुडबुडा मधोमध आला. "आता बरोबर," मी म्हटलं. ते म्हणाले, "हो."

तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी मोगरी आणि पत्रा घेऊन गेलो. ते म्हणाले, "हात दुखते." तिसऱ्या दिवशीही तेच. मग मला माझी चूक कळली, म्हणजे निदान अर्धी कळली, आणि मी मास्तरी डोकं चालवलं. मागची कड मुद्दाम वाकडी वाकवली आणि त्यांच्यापुढे धरली. "बाबा, मले नाई जमत." त्यांनी पत्रा बघितला. ज्या माणसाने जन्मभर शिकाऊ हातांच्या चुका पाहिल्या, त्याला खरी चूक आणि आणलेली चूक यातला फरक कळणार नाही असं मला कसं वाटलं कोण जाणे. रागावले नाहीत. "एवढं तं तुले येते," म्हणाले, आणि पत्रा माझ्याकडे सरकवला. मी तो परसात नेला, कड सरळ केली, दिवा लावला. त्या झाकणाची पुढची बाजू आजही पोच्यांची आहे आणि मागची गुळगुळीत.

पेटीत सहा मासे सोडले. चार गप्पी, दोन काळे मोली. आई सांगायची, तू शाळेत गेला की ते दिवसभर बघतात, एका काळ्याला नाव ठेवलंय मिस्त्री. मी घरी आलो की मात्र ते डोळे मिटून असायचे. मी पलंगाशी बसायचो, दिवा चालू-बंद करायचो, पाण्याबद्दल काहीबाही विचारायचो. उत्तर यायचं, "तू पाह्य. तुले समजते." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, आणि भांडलो असतो तर कदाचित सगळं सांडून मोकळं झालं असतं. ते मनापासून म्हणत होते. आपलं आता काही खरं नाही, पोराचं खरं, हे त्यांनी त्या एका वाक्यानंतर मान्य करून टाकलं होतं. मे महिन्यात पेटीतलं पाणी कोमट होऊ लागलं तेव्हा आईने कूलरचं तोंड माशांकडे केलं. बाबांकडे वारा कमी येतोय म्हणून मी ते फिरवायला गेलो तर त्यांनी डावा हात हलवला. राहू दे.

कूलर झाकायच्या आधीच ते गेले. मृगाला चार-पाच दिवस होते. पेटीतला दिवा चालू होता, तो बंद करायचं त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं मासे आईने सांभाळले. एकेक करून गेले. शेवटचा मिस्त्री, तो या थंडीत गेला. आई म्हणाली, आता धुऊन माळ्यावर टाकून दे. दर पंधरा दिवसांनी पेटी धुणं हे तिचंच काम होतं, आणि मला त्यात फक्त एवढं माहीत होतं की तिचे गुडघे त्या दिवशी जास्त दुखतात. मासे बादलीत घालून, वाळू उपसून नळीने पाणी काढलं तरी तळाशी बोटभर पाणी उरायचंच. सपाट पेटीत ते सगळीकडे पसरलेलं. मग ती खाली बसायची, पेटीत हात घालून फडक्याने टिपायची, पिळायची, पुन्हा टिपायची. अर्धा-पाऊण तास. मी तेव्हा वह्या तपासत असायचो.

गेल्या रविवारी नळीने पाणी काढून मी पेटीसकट स्टँड ओढायला म्हणून उचललं आणि प्लायच्या चकत्या पायांखालून निसटल्या. ओल धरून त्या काळ्या पडल्या होत्या. स्टँड टेकलं ते बाबांनी सांगितलेल्या उतारावर. तळाशी उरलेलं पाणी हललं. वाळू काढलेल्या स्वच्छ काचेवरून ते सगळं, अगदी सगळं, हळूहळू डावीकडे गेलं आणि एका कडेला जमा झालं. त्या कडेला बाहेरून तो सळईचा आकडा होता. त्यावर दोन वर्षं मी माशांच्या खाण्याची पिशवी टांगत होतो. मी नळीचं एक टोक त्या पाण्यात सोडलं, तोंडाने ओढ दिली आणि बाहेरून नळी आकड्यात अडकवली. ती तिथे अशी बसली की हात लावायची गरज उरली नाही. खाली बादली. दोन मिनिटांत पेटी कोरडी.

मी तसाच जमिनीवर बसलो. आई फडकं घेऊन आली, तिने पेटीत पाहिलं आणि फडकं खांद्यावर टाकलं.

"आज टिपावं नाई लागलं," ती म्हणाली. मग अगदी सहज, भाजी निवडताना बोलावं तसं, "ते म्हनतच होते. तुले वाकावं नाई लागणार, म्हने, पाणी आपोआप जाईन. त्यासाठीच तं उतार देल्ला होता."

मी विचारलं, "मंग तू मले सांगतलं काऊन नाई?"

"तू चकत्या लावल्या ना. म्या त्याह्यले विचारलं, तं म्हने, राहू दे, त्याचं शाळेतलं असन, त्याले समजते." तिने खांद्यावरचं ओलं फडकं काढून हातात घेतलं. "मले बी वाटलं, तुले समजते."

दोन वर्षं. दर पंधरा दिवसांनी. माझं शाळेतलं ज्ञान त्या घरात खाली बसून गुडघे धरून टिपून काढलं जात होतं, आणि टिपणारीला वाटत होतं यातही काहीतरी शहाणपण असेल. बाबांच्या डोक्यात कूलर नव्हताच. तिथे, अर्धं अंग मेलेलं असताना, आईचे गुडघे होते. तो दुकानदारही खरंच सांगत होता, काचेवर भार येत असेल, दोन्ही गोष्टी जमवायला आणखी काही करता आलं असतं. पण त्यासाठी आम्ही दोघांनी बोलायला हवं होतं. मी एक 'का' विचारायला हवा होता, आमच्या बोलीतला काऊन, आणि मग त्यांना उत्तर जुळवायला लागतील तेवढी मिनिटं पलंगाशी बसायला हवं होतं. रोज वर्गात मी मुलांना ओरडून सांगतो, प्रश्न विचारा, न विचारता पाठ करू नका. घरी मी विचारलं नाही. मला फार रडू आलं. आईने पाठीवर हात ठेवला, तो फडक्याच्या पाण्याने थंड होता.

पेटी माळ्यावर गेली नाही. दुकानदाराला विचारून खाली जाड थर्माकोल घातला, पाणी काठापासून चार बोटं कमी ठेवायचं ठरवलं. चकत्या फेकून दिल्या. नवे मासे आणले आहेत, त्यांतला एक काळा मोली. स्टँड त्याच जागी, सतरा इंचांवर, समोर आता पलंग नाही. मासे बघायचे तर जमिनीवर कोपरावर टेकून आडवं व्हावं लागतं, आणि शाळेतून आलं की मी होतो. पोच्यांच्या कडेखालून उजेड बरोबर पाण्यात पडतो, डोळ्यांत येत नाही.

काल शेजारचे काका कूलरचा पंप मागायला आले. पाण्याची रेष बघून म्हणाले, "मास्तर, हे पुन्हा तिरपं झालं वाटते."

"तिरपं नाई," मी पडल्या पडल्या म्हटलं. "बाबांनी उतार देल्ला हाय."

काकांनी विचारलं, "काऊन?"

मी उठून बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं.